बाळूच्या डब्यात मी काय घातलं

डॉक्टर मॅडमनी बाळूच्या डोळ्यांत बॅटरी मारली, ईसीजीची पट्टी पाहिली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हे नुसतं दारूचं नाही. यांच्या पोटात आणखी काहीतरी गेलंय. दुपारी काय खाल्लं होतं?"

बाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ. स्ट्रेचरवर पडलेला, तोंड लालबुंद, उलटी थांबायला तयार नाही, छाती लांबूनही उडताना दिसत होती. बीपी खाली चाललं होतं. त्याची बायको मनीषा पदराचा बोळा मुठीत धरून उभी होती.

"डबा मीच दिल्ता मॅडम. मेथीची भाजी अन् भाकर. दुसरं काहीच न्हाई."

मॅडम म्हणाल्या, विषबाधेचा संशय असेल तर पोलिसांना कळवावं लागतं. आमच्यामागं वसाहतीतली चारपाच माणसं उभी होती. त्यातलं कोणीतरी हळूच म्हणालं, "कंटाळली असंल बिचारी." ते मनीषानंही ऐकलं.

त्या खोलीत उत्तर माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी मोठ्या एकाग्रतेनं वाचत होता. तो मी.

हे लिहितोय ते ज्यांच्या घरात असा बाळू आहे त्यांच्यासाठी. त्याहून जास्त, ज्यांच्या घरात माझ्यासारखा हुशार दादा आहे त्यांच्यासाठी.

आम्ही मूळचे कुंभार पिंपळगावकडचे. जालन्याच्या कडेला नव्या वसाहतीत घर बांधलं, खाली बाळू, वर मी. मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासतो. बाळू एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये. भट्टीसमोरची पाळी सुटली की तिथली पोरं अंगातली आग विझवायला गुत्त्यावर जातात. बाळू आधी पगाराच्या दिवशी जायचा, मग रोज, मग सकाळच्या चहाआधी. सकाळी त्याचे हात थरथरायचे. दोन घोट गेले की थांबायचे. मी जिन्यावरून बघायचो आणि म्हणायचो, "बघा मस्ती! उजाडलं न्हाई तर सुरू." ती मस्ती नसून लक्षण आहे, हे मला कळत नव्हतं. बियाण्यावरची बुरशी लांबून ओळखणारा माणूस मी!

उपाय मात्र मी भरपूर केले. मारुतीसमोर नारळ हातात देऊन शपथ घ्यायला लावली. येताना त्यानं 'शेवटची' घेतली. भाषणं तर इतकी दिली, की ती संपल्यावर न पिणाऱ्यालाही एखादा घोट घ्यावासा वाटला असता. एकदा न्हाणीघरातली संशयित बाटली मोरीत ओतली, ती माझ्या बायकोच्या केसांच्या तेलाची निघाली. ते प्रकरण दारूपेक्षा जास्त पेटलं.

मग देशपांडे काका आले. निवृत्त हेडक्लार्क, वसाहतीचे बिनपगारी सल्लागार. त्यांनी एका गोळीचं नाव सांगितलं. "त्याला कळू न देता भाजीत घाला. आठ दिवसांत दारूचा वास आला तरी पळेल. बायकोला सांगू नका, बायकांच्या पोटात काही राहत नाही."

गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळाल्या. मी त्या कुटून पुडी खिशात ठेवायचो आणि सकाळी मनीषाला म्हणायचो, "दे, डबा मी गाडीला लावतो." तेवढ्यात काम व्हायचं. ती माझ्या बायकोला म्हणाली म्हणे, "दादा किती बदलले!" मला फार बरं वाटलं. पाच दिवस बाळू मळमळतंय म्हणत कामावर जायचा, सकाळच्या दोन घोटांवरच थांबायचा. मी मिशीला पीळ दिला. सहाव्या दिवशी पगार झाला, त्यानं डबा खाल्ला, आणि पाळी सुटल्यावर नेहमीच्या जागी पोटभर प्यायला बसला.

"मॅडम," मी पाटीवरची नजर काढून म्हणालो, "मी घातलं. ह्या पोरीला काहीच माहीत न्हाई."

गोळीचं नाव सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. किती, किती दिवस, एवढंच विचारलं आणि पळापळ सुरू झाली. सलाईन, ऑक्सिजन, आयसीयू. मनीषा माझ्याकडे बघत होती. "दादा, सगळे माझ्याकडं बघून राह्यले होते," एवढंच ती म्हणाली. जबाब घ्यायला आलेले हवालदार जास्त बोलले. "विष घालणारे लई पाह्यले. औषध घालून मारायला निघालेले तुम्हीच पहिले."

आयसीयूबाहेरच्या बाकावर रात्र निघाली. सकाळी मॅडमनी 'धोका टळला' म्हणून सांगितलं तेव्हा मी त्यांच्या पायांशी वाकलो, तर त्या मागं सरकल्या. "आधी समजून घ्या," म्हणाल्या.

त्या गोळीला डायसल्फिराम म्हणतात. शरीर दारूचं विघटन करतं, ते ही गोळी अर्ध्यात अडवते. मधलं विषारी द्रव्य साचतं, आणि माणसाचं बाळूसारखं होतं. जीवही जाऊ शकतो. गोळीचा असर पुढं बरेच दिवस राहतो. औषध चांगलं आहे, पण पेशंटला सगळं सांगून, तपासण्या करून, त्याच्या मर्जीनं देतात. "तुमच्याकडं रानडुकरांसाठी तारेत करंट सोडतात ना?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही करंट सोडला आणि भावाला सांगितलं नाही."

तिसऱ्या दिवशी बाळू चादरीवरच्या मुंग्या वेचू लागला. मुंग्या नव्हत्याच. याला विथड्रॉवल म्हणतात. रोज दारूची सवय झालेल्या मेंदूची दारू एकदम तुटली की घाम, थरथर, भास, कधी झटकेही येतात. म्हणून रोज पिणाऱ्याला घरात कोंडून दारू तोडू नका. दवाखान्यात औषधं देऊन ते सांभाळतात. मी तर कुलूपही आणून ठेवलं होतं.

मग मानसोपचाराचे डॉक्टर आले. माझा धंदा विचारला.

"बियाणं उगवलं नाही, तर त्याला शिव्या देता का?"

"न्हाई. ओल बघतो, उष्णता बघतो."

"मग इथंही तेच करा."

बाळू शुद्धीवर आल्यावर मी सगळं सांगितलं. "मला इचारलं असतं तर मी घेतली असती की गोळी," तो म्हणाला. "मंग फरक काय राह्यला दादा? मी चोरून पितो, तू चोरून चारतो."

त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. उपचार घेत होता, व्यसनमुक्तीच्या वॉर्डात राहिला, मनीषाशी हसू लागला. माझ्याशी नाही. डॉक्टर म्हणाले, भावाचं लिव्हर सुधारतंय, तुमच्या दोघांमधलं नातं मात्र वेळ घेईल. त्याला पुन्हा प्यावंसं वाटलं तर तो ते कुणाला सांगू शकतो, यावर सगळं अवलंबून आहे.

वसाहतीत बातमी पसरलीच होती. पण टिंगलीऐवजी एकेक जण एकटा येऊन डॉक्टरांचा वार विचारू लागला. देशपांडे काकाही आले. "एका ओळखीच्यांना झोपेच्या गोळीशिवाय झोप येत नाही. एकीच्या तीन झाल्यात." मी म्हणालो, "ओळखीचे म्हणजे कोण, काका?" ते चप्पल सरळ करत म्हणाले, "फारच जवळचे आहेत." पुढच्या सोमवारी आम्ही दोघं मिळून गेलो. तेही व्यसनच असतं, आणि तेही एकदम तोडायचं नसतं, हळूहळू कमी करायचं, हे तिथं कळलं.

उन्हाळ्यात बाळू परतूरला मित्राच्या लग्नाला गेला. संध्याकाळी फोन आला. पूर्वी पिला की तो फोन बंद करायचा.

"दादा, मी पिलोय. स्टेशनावर बसलोय. येतो का?"

गोळी त्याची बंद होऊन महिने झाले होते, तेवढी धास्ती नव्हती. तरी मी मिळेल त्या जीपनं परतूर गाठलं. तो बाकावर मान खाली घालून बसला होता. एकदा सुटलेली दारू पुन्हा तोंडाला लागणं, याला रिलॅप्स म्हणतात. ते आजाराचंच अंग आहे, सगळं पाण्यात गेलं असं नाही, हे आम्हाला आधीच सांगितलेलं होतं. मी शेजारी बसलो.

"उद्या डॉक्टरकडं चलशील ना माझ्यासंगं?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

पॅसेंजरमध्ये तो माझ्या खांद्यावर झोपला. समोरच्या आजीबाईंनी नाकाला पदर लावला. "पिलेत का हे?"

"हो," मी म्हणालो. "आजारी हाय. माझा भाऊ हाय."

आजीबाईंनी नाकावरचा पदर काढला. मग आमच्या बाकावर ठेवलेलं आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "मंग आडवं होऊ द्या की लेकराला."