पगारेताईंचा कळफलक

पगारेताईंना नुसतं "कळलं" म्हटलेलं चालत नसे. "कळलं नको. काय कळलं ते सांग," असं त्या समोरच्याला थांबवून म्हणत. जेलरोडला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या रिक्षावाल्यांना हे पाठ झालं होतं. "स्टेशन, पण पुलावरून. बरोबर ना ताई?" असं त्यांनी हसत म्हटल्यावरच ताई रिक्षात पाय ठेवत. एकदा तर त्यांनी डॉक्टरांनाही आपली तक्रार परत म्हणायला लावली, आणि परीक्षा घेऊन आल्यासारख्या तोऱ्यात बाहेर आल्या.

ही सवय एकलहऱ्याची. चांदवडकडच्या खेड्यातून आलेल्या ताई तिथल्या वीज केंद्रात उपकरणं दुरुस्त करत. त्यांच्या विभागात तेव्हा दुसरी बाई नव्हती. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, आणि मगच झडपेला हात लावायचा, हा तिथला शिरस्ता. "वाफ कोणाच्या बापाची नाय," त्या म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांचे हात थरथरू लागले, पाठोपाठ आवाजही. तरीही आयटीआयच्या मुलामुलींसाठी त्या मराठीतून उपकरणांवर पुस्तक लिहीत होत्या. "इंग्रजीत अडून लय पोरं मागं राहिली," एवढंच त्यांचं कारण. लिहायला एक जुना, विटेसारखा जड कळफलक होता. नव्या कळफलकांवर बोट टेकताच अक्षर उमटे. ताईंच्या बोटांखाली एका 'क'चे चार 'क' होत. या जुन्याची कळ मात्र खोल दाबावी लागे. बोटांची थरथर तो मनावरच घेत नसे. कळ खाली जाताना सुपारी फुटल्यासारखा आवाज होई. भिंतीपलीकडच्या माझ्या घरात कविता वाचताना मला त्या आवाजाची लय लागून गेली होती.

एके सकाळी भिंत मुकी झाली. मी गेले तेव्हा कळफलक बंद पडला होता, आणि ताई फोन स्पीकरवर ठेवून मुलाशी, सचिनशी, बोलत होत्या. "आई, नुसतं बोल ना. मोबाईल टाइप करेल," तो समजावत होता.

"केलं. माझ्या आवाजातून त्यानं भलतीच वाक्यं काढली. ज्याला माझं बोलणं परत सांगता येत नाय, त्याच्यावर भरवसा कसा ठेवू?" फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "तुझे हात दे मला."

"ताई, मी फार तर बटण शिवते."

"मग सुई धरता येते. बस."

खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही कळफलक उघडला. आतून जुन्या धुळीचा, तापलेल्या पत्र्याचा वास आला. तार अखंड असली की वाजणाऱ्या मीटरच्या दोन सुया मी तारांच्या टोकांना लावत गेले. तीन तारांवर मीटर बोलला, चौथीवर गप्प राहिला. वायर वळते तिथेच ती आतून तुटली होती. ताई सांगत, मी परत म्हणे, मग कात्री चाले. "लाल तार कडेच्या खुंटीला." "लाल तार, कडेची खुंटी." तार जोडणारं सोल्डर वितळलं, राळेचा कडवट धूर बोटांभोवती रेंगाळला.

कळफलक संगणकाला जोडला. काहीच झालं नाही.

"राहू दे ताई," मी हळूच म्हटलं.

"मेलं का नाय ते तू ठरवू नको." त्यांनी भिंग आत रोखलं. "हा बघ टाका. बाकीचे चमकतायत, हा राखेसारखा. कच्चा हाय. पण जास्त तापवलास तर खालचं तांबं उचकटंल. मग संपलंच."

मी सोल्डरिंगची तापलेली लेखणी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. परक्यांकडे पाहावं तसं नव्हे, जुन्या सोबत्यांकडे पाहावं तसं. मग ते मांडीवर ठेवले.

"नाय. काय करायचं, सांग."

"टोक टेकवायचं. चमक आली की उचलायचं."

"उचलायचं म्हंजे उचलायचं. कविता करत बसू नको."

टाका चमकला. मी हात उचलला. कळफलक पुन्हा जोडला, आणि त्याच्या कोपऱ्यातले तीन हिरवे दिवे एकदम उजळले.

शेजारच्या काकू डोकावून मला म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही दुरुस्त केलात?"

"हात हिचे," ताई म्हणाल्या, "काम माझं."

साहित्यसभांतून मी पुष्कळ विनय ऐकला आहे. त्या सरळ वाक्याशेजारी उभं राहण्याचा मान मला मिळाला, याचा अभिमान मात्र आजही वाटतो.

ताई आता सचिनकडे पुण्याला असतात. पुस्तक छापून झालं आहे. त्या दुपारी, कळफलक सुरू होताच, चहासाठीही न थांबता त्यांनी दाब मोजण्याच्या उपकरणावरचा परिच्छेद लिहिला होता. छापील पानावर तो तसाच आहे:

"काटा अगदी स्थिर दिसला, तर आधी शंका घ्यावी, नळी तुंबलेली असू शकते. काटा थरथरतो म्हणून उपकरण बाद करू नये. त्याच्यापर्यंत वाफ पोहोचते आहे."