परब सिस्टर आणि तुंबलेला बंड्या

दोन माणसं जिन्यात भेटली की विचारतात, जेवलात का. परब सिस्टर विचारायच्या, "लघवी साफ होते ना?" वॉचमन असो, नवी नवरी असो, कुणी सुटायचं नाही. एकदा आमचे चेअरमन चार पाहुण्यांना घेऊन गेटपाशी उभे होते, तरी त्यांनी विचारलंच. चेअरमनचं तोंड लाल झालं. कसंबसं "हो, हो" म्हणाले. "रंग कसा असतो?" बाईंनी पुढचं विचारलं.

पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी इस्पितळात पुरुषांचा वॉर्ड सांभाळला होता. रिटायर झाल्या आणि कांजूरमार्गला आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या समोरच्या खोलीत राहायला आल्या. एकट्याच. अंगाने काटकुळ्या, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर बोलल्या तर तळमजल्यावरचा माणूस उत्तर द्यायचा. "आत किती गेलं नि बाहेर किती आलं, एवढंच शास्त्र," त्या म्हणायच्या. "बाकी सगळं डॉक्टरांना बोलायला काहीतरी पायजे म्हणून."

मी प्लंबर. शाळा चौथीपर्यंत. पण कांजूर ते मुलुंड अशी जुनी बिल्डिंग दाखवा जिच्या लाइनीत माझा हात गेलेला नाही. कुठे काय तुंबलंय हे मला दुसऱ्याने सांगावं, हे मला तेव्हा चालत नव्हतं, आजही चालत नाही. त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं. मी त्यांचा गळका नळ बसवायला गेलो तर म्हणाल्या, "हात धुतलेस?" मी म्हटलं, "सिस्टर, मी नळ बसवतोय, ऑपरेशन नाही करत." त्यांनी साबणाची वडी पुढे केली. काम झाल्यावर परत पुढे केली. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या, म्हणून अरे-तुरे करायच्या. रागावल्या की मालवणीवर यायच्या.

आता बंड्याचं सांगतो. भांडुपच्या एका कामावर सहा इंची पाइपात मला हे पिवळं बोक्याचं पिल्लू सापडलं. हत्यारांच्या पिशवीतून घरी आणलं. माझी बायको गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात बोलायला कुणी नाही, मग ह्याच्याशी बोलायचो. बंड्या पाच वर्षांचा झाला, चांगला जाडजूड. दुकानातली मांजराची सुकी बिस्किटं खायचा, पाण्याकडे ढुंकून बघायचा नाही. मीही कधी त्याकडे लक्ष दिलं नाही.

एका दुपारी तो आपल्या रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसला. कुंथला, उठला, बाहेर आला, पुन्हा जाऊन बसला. असं आठ-दहा वेळा. मी निदान केलं, संडास अडकलाय. कोमट दुधात चमचाभर तूप घातलं आणि ड्रॉपरने त्याच्या तोंडात सोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकदा ओकला आणि सकाळी मोरीच्या थंड लादीवर पडून असं ओरडायला लागला की सिस्टर बेल न वाजवता आत आल्या.

"काय झालं ह्याला?"

"संडास अडकलाय. तूप दिलंय, उतरेल."

"तू बघितलास अडकलेला?"

"सिस्टर, चाळीस वर्षं मी दुसरं काय बघतोय?"

त्या खाली बसल्या. बंड्याच्या पोटाखाली हात घातला आणि त्यांचा चेहराच बदलला. "इकडे ये. हात लाव. हळू." मी लावला. पोटात मोसंबीसारखं काहीतरी टणक लागलं.

"हे त्याचं लघवीचं पोट. तट्ट भरलंय. आता तू प्लंबर ना? टाकी भरून वाहायला आलीय, खालच्या नळाला थेंब नाही. सांग, कुठे तुंबलं?"

उत्तर मला येत होतं. तोंडातून निघेना, एवढंच. उलट म्हणालो, "वरून जरा प्रेशर देऊन बघतो, दाबलं की निघेल." माझा हात पुढे गेला आणि त्यांनी त्यावर फाडकन चापट मारली.

"दाबलंस तर फुटेल आतल्या आत! हात लावायचा नाही."

"बरं, मग संध्याकाळपर्यंत वाट बघू."

झालं. बाई मालवणीवर आल्या. "संध्याकाळपर्यंत? मेल्या, बोको आसा तो! बोक्याची नळी सुतळीएवढी. संध्याकाळपर्यंत रक्तात विख चढतला नि मरतलो तो. उठतंस काय मी एकटीच घेऊन जाऊ?"

मी उठलो. भाजीच्या एका प्लास्टिकच्या टोपलीवर दुसरी पालथी घालून सुतळीने बांधली, आत टॉवेल आणि बंड्या. रिक्षात टोपली माझ्या पायांशी. सिस्टरनी रिक्षावाल्याला बजावलं, "मुलुंड. गड्डे से बचाके चलाव, ब्लॅडर फुल है." त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. एलबीएस रोडला लागल्यावर म्हणाला, "चाचा, शरमाओ मत. बोलो तो साइड में रोकूँ?" बंड्याच्या जिवाची मला काळजी लागलेली, आणि हा माझ्यासाठी आडोसा शोधतोय. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांचा हात सबंध वेळ टोपलीवर होता.

मुलुंडच्या दवाखान्यात तरणी डॉक्टरीण होती. सिस्टर तिच्यासमोर वॉर्डातल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. "नर, पाच वर्षं. काल दुपारपासून लघवी नाही. पहाटे एक उलटी. काल तूप-दूध दिलेलं."

"तूप? कुणी दिलं?" डॉक्टरणीने मान वर केली.

मी भिंतीवरचं कुत्र्याचं चित्र बघत उभा राहिलो. सिस्टर म्हणाल्या, "घरातल्यांनी दिलं. घाबरली होती माणसं." एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बंड्याला भूल देऊन बारीक नळी घातली. बाहेर जे निघालं ते डॉक्टरणीने दाखवलं, रक्ताळलेलं पाणी आणि तळाला बारीक रेतीसारखी कच. म्हणाली, आजचा दिवस गेला असता तर वाचला नसता. तीन दिवस त्याला तिथेच ठेवला. मग घरी पाठवताना सांगितलं की हे दुखणं परत येऊ शकतं. सुकी बिस्किटं बंद, सांगितलेलं ओलं खाणं द्या, पाणी पोटात जास्त जाऊ द्या, आणि मांजराला टेन्शन देऊ नका.

"त्याला कसलं टेन्शन?" मी म्हटलं. "लग्न झालेलं नाही त्याचं."

पण सिस्टरनी डॉक्टरणीचा शब्द न् शब्द ऑर्डर म्हणून घेतला. माझ्या घरात चार ठिकाणी पाण्याची भांडी आली, एकही खाण्याच्या ताटलीजवळ नाही. ट्रे दोन वेळा साफ. भिंतीवर कागद लावला, त्यावर दोन रकाने, 'आत' आणि 'बाहेर'. रेतीच्या जागी मांजरांसाठीची वाळू मिळते ती आणली. ओली झाली की तिचा गोळा होतो, तो मोजायचा. रोज सकाळी समोरून हाक यायची.

"प्लंबर, किती गोळे?"

"दोन!"

"केवढे?"

"लिंबाएवढे!"

वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले होते. त्यांना महिनाभर वाटत होतं की आमचा लाडवांचा धंदा आहे.

खालच्या घरात लाद्या फोडायचं काम निघालं. ड्रिलच्या आवाजाला बंड्या कपाटाखाली जाऊन बसायला लागला. सिस्टर खाली गेल्या. "वर पेशंट आहे. दुपारी दोन तास मशीन बंद." तो माणूस हात जोडून म्हणाला, "काकांना काय झालंय?" "काकाला काय होणार? बोक्याला होतंय." मशीन दोन तास बंद राहिलं. त्या आवाजाला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

हे सगळं खरं. पण एक गोष्ट मी केली ती सांगायला पाहिजे. बिल्डिंगमध्ये लोक विचारायला लागले, बंड्या कसा वाचला. मी म्हणायचो, "मी हात लावला नि ओळखलं, लाइन चोक आहे. शेवटी प्लंबर आहे मी." एकदा गच्चीवर असंच रंगवून सांगत होतो आणि मागे सिस्टर पापड वाळत घालत होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. त्यांनी एक पापड उलटा केला नि म्हणाल्या, "ह्याला पोटावर हात ठेवून कळतं हां. चांगला हात आहे." टोमणा होता की शाबासकी, मला आजवर कळलं नाही. त्या दिवसापासून मी दर आठवड्याला ठरवायचो, लोकांपुढे खरं काय ते बोलू. दोन वर्षं ठरवत राहिलो.

गेल्या दिवाळीनंतर त्या झोपेतच गेल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. चेअरमन म्हणाले, "सिस्टर सर्वांच्या प्रकृतीची अगदी मनापासून चौकशी करत," आणि पटकन खाली बसले. मग आणखी दोघं-तिघं बोलले. सभेत मी जन्मात कधी उभा राहिलो नव्हतो. राहिलो.

म्हणालो, "माझ्या बोक्याची लघवी तुंबली होती." मागे कुणीतरी फिसकन हसलं. "हसा. मीपण तुम्हाला दोन वर्षं खोटं सांगितलं. मला काही कळलं नव्हतं. मी त्याला तूप पाजत बसलो होतो. सिस्टरनी ओळखलं, चापट मारून मला उठवलं, आणि डॉक्टरसमोर माझं नावसुद्धा घेतलं नाही. बोका ट्रेमध्ये परत परत जाऊन कुंथतो आणि बाहेर काही येत नाही, तर संडास नाही, लघवी अडकलेली असते. घरात बसायचं नाही, दाबायचं नाही, लगेच डॉक्टरकडे. हे त्यांचं आहे, माझं नाही."

मी खाली बसणार, तेवढ्यात बी विंगमधल्या राणे वहिनी उठल्या. "काका, आमचा बोका मन्या आज सकाळपासून असंच करतोय. मी त्याला एरंडेल दिलं."

"मग इथे काय बसलात? उठा! टोपली आहे का घरात?"

आम्ही दोघं दाराकडे निघालो. चेअरमन मागून हळूच म्हणाले, "काका, दोन मिनिटं मौन बाकी आहे."

"तुम्ही पाळा," मी म्हटलं. "आम्हाला वेळ नाही."