काडीपेटी माझ्या कमरेला

नव्वदच्या आसपास मी जळगावात एक घर चालवत होते. मनोरुग्णालयातून सुटलेल्या, गोळ्यांवर ठीक असलेल्या, पण घरच्यांनी अजून न नेलेल्या पाच बायका तिथे राहायच्या. मी धुळ्याची, शिस्तीची. विळी कुलपात, रॉकेल कुलपात आणि काडीपेटी माझ्या कमरेच्या पिशवीत. दोन वर्षांत कुणाला साधा चटका बसला नाही, हे मी येईल त्याला ऐकवत असे. न येणाऱ्याला पत्राने कळवत असे.

त्या पाचजणींत रावेरकडची एक अक्का होती, केळीच्या बागा असलेल्या घरातली. एका हिवाळ्यात तिचा भाऊ आला. बहिणीला भरीत खाऊ घालायचं म्हणून वांगी आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा घेऊन.

"घरी नेईन म्हणतो, बाई," तो म्हणाला. "पण आम्ही सगळे दिवसभर बागेत. चूल पेटवून दोन भाकरी टाकता येतील का तिला?"

अक्का समोरच उभी होती. उत्तर मी दिलं. "नाही. स्वयंपाक जमत नाही." पुरावा म्हणून वही दाखवली. दर महिन्याला माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'स्वयंपाक: जमत नाही.'

"मग अवघड आहे," भाऊ म्हणाला. अक्का आत गेली.

निदान भरीत तरी करू म्हणून मी अंगणात बसले. माझा सगळा जन्म स्टोव्हवर गेलेला. फायली लावाव्यात तशा मी काड्या घट्ट रचल्या. नुसता धूर. काडीपेटीतल्या सात-आठ काड्या ओढून झाल्यावर मी रॉकेल आणायला उठले.

"बाई, त्या वासाचं भरीत कुत्रंबी खात नाही," भाऊ म्हणाला.

तेवढ्यात अक्का बाहेर आली. "सरका बाई. वारा कुठून येतो ते तरी पाहा. मले द्या ती काडीपेटी."

नियम आठवत होता, पण खोकल्यापुढे बोलता येईना. दिली.

तिने भारा मोकळा केला आणि एका काडीत पेटवला. मग वांग्यांकडे पाहून म्हणाली, "टोचे नाही मारले? फुटतीन ना. विळी काढा." मी किल्ल्या घेऊन धावले. त्या दुपारी मदतनीस मी होते आणि कामात कच्ची होते.

भावाने दोनदा वाढून घेतलं. मग हात धुता धुता विचारलं, "काय जमत नाही म्हणत होत्या तुम्ही?"

मी पाणी आणायला आत गेले. तहान कुणालाच नव्हती.

"आठ दिवस नेतो, मग पाहू," तो म्हणाला. मी गोळ्यांची चिठ्ठी लिहून अक्काच्याच हातात दिली. ती निघाल्यावर वहीतलं 'जमत नाही' खोडून 'करू दिला नाही' असं लिहिलं. दोन वर्षांच्या नोंदी खोडायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून काडीपेटी ओट्यावर राहू लागली. पहिल्या महिन्यात एकच चटका बसला. मला.

अक्का आठ दिवसांनी परत आली नाही. भावाचं कार्ड आलं. गोळ्या वेळेवर घेते. भाकरी माझ्या बायकोपेक्षा पातळ थापते, त्यावरून घरात थोडी कुरबुर चालू आहे.