शेवटच्या फासळीखाली

आमच्या सिस्टर कांदा-लसूणसुद्धा खात नसत, पण शरीरशास्त्राच्या तासाला बकऱ्याचं फुफ्फुस त्या स्वतःच्या हातांनी धुऊन आणत. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी सेवाग्रामला नर्सिंग शिकत होते. आश्रम हाकेच्या अंतरावर, जिकडेतिकडे खादी नि सूतकताई, आणि आमच्यासाठी मात्र वर्ध्याच्या बाजारातून सायकलवर झाकलेली बादली यायची. सिस्टर पुण्याकडच्या. आवाज असा खणखणीत की मागच्या बाकावर पेंगणारी मुलगीही ताठ बसायची.

श्वासनळीत पपईच्या पानाचा पोकळ देठ घालून त्या जोरात फुंकत. तो लिबलिबीत गोळा बघता बघता फुगून वर यायचा आणि आम्ही किंचाळायचो. "किंचाळता कशाला? तुमच्याही आत हेच चाललंय," म्हणत त्या उजवीकडचे तीन भाग आणि डावीकडचे दोन बोटांनी दाखवत. डावीकडे एक कमी का, तर हृदयाला जागा हवी म्हणून. मग गुर्दे यायचे. ते माझ्या ओळखीचे होते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आमच्या घरी रस्स्यात पडायचे. पण त्यांना मूत्रपिंड असं भारदस्त नाव आहे आणि ते रक्त गाळून लघवी तयार करतात हे कळल्यावर पुढच्या करीला माझा घास घशातच अडकला.

सिस्टरचा एक हट्ट होता. पुस्तकातली आकृती पाठ करून भागत नसे. एकीनं पालथं झोपायचं आणि दुसरीनं तिच्या ब्लाउजवर खडूनं खुणा करायच्या. फुफ्फुस कुठवर येतं, शेवटची फासळी कुठे, मूत्रपिंडं कुठे, आणि उजवं जरा खाली, कारण त्याच्या वर यकृत बसलेलं. चुकलं की खडू झटका आणि पुन्हा काढा. गुदगुल्यांनी आमची हसून पुरेवाट व्हायची. मी मनात म्हणायचे, पाठीवर असा नकाशा कोणता पेशंट मागणार आहे? तो माझ्याच घरात निघाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. गाव सेलूच्या वाटेवर. दादा तेव्हा हिंगणघाटच्या गिरणीत कामाला होता, त्यामुळे घरी माय, बाबा आणि वहिनी एवढेच. वहिनी माझ्याच वयाची, पहिलटकरीण, पाचवा महिना. मी दारात पोचले तर वहिनी माजघरात घोंगडीखाली हुडहुडत होती आणि माय चुलीत विळ्याचं टोक तापवत होती. वहिनीला ताप चढला होता, श्वास भराभर चालला होता, आणि कुशीत असं दुखत होतं की कूस बदलवत नव्हती.

"तिच्या फासळीत थंडी भरली," माय म्हणाली. "डाग देल्याबिगर नाई उतरत. अन् पानी मागन तं देजो नको, छाती अजून भरंन."

छातीच्या दुखण्यावर आमच्याकडे हाच इलाज होता. मायलाही लहानपणी डाग दिलेला होता. ती त्यातून उठली, म्हणजे इलाज खरा.

मी मायला थांबवलं. वहिनीला उठून बसवलं आणि पाठीला कान लावला. उजवीकडे, डावीकडे, खालपर्यंत. वारा दोन्हीकडे मोकळा आत-बाहेर होत होता. कुठे घरघर नाही. मग बोटांनी शेवटची फासळी शोधली आणि तिच्या खाली, कण्याच्या उजव्या बाजूला मुठीनं हलकेच ठोकलं. वहिनी कळवळून ओरडली. डावीकडे ठोकलं तर काहीच नाही.

मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "लघवीले जळजळ होते का?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. "लय दिसाची उन्हाळी लागली, बाई."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"कोनाले सांगू? वावरात मामाजी राह्यते, गडी राह्यते. जाऊ कुठी? म्हनून पानीच पेत नाई मी."

कापसाची वेचणी चालू होती. सासऱ्यासमोर सुनेनं पाण्याचा गडवासुद्धा तोंडाला लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. वावरात आडोसा म्हणाल तर शेताच्या कडेचा एक उंच बांध, धुरा म्हणतात तो, आणि नेमके त्याच धुऱ्यावर बाबा दिवसभर बसायचे. म्हणून बायांनी उजाडायच्या आधी जायचं, ते एकदम दिवेलागणीला. साऱ्याच तसं करत आल्या होत्या. माय तर जन्मभर.

दवाखान्यात न्यायचं तर बैलबंडी हवी. बंडी बाबांच्या हुकुमाशिवाय जुंपली जात नसे, आणि बाबांना कारण सांगायचं म्हणजे तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा. मायनं माझं मनगट धरलं. "बापासमोर असं बोलशीन? लाज नाई वाटत?"

वाटत होती. कान तापले होते. पण वहिनीचे ओठ फाटून गेले होते, आणि मायचा विळा तापतच होता. मी ओसरीवर गेले, बाबांकडे पाठ केली आणि स्वतःच्या पाठीवर हात ठेवला. पाठ केल्यामुळे बरं झालं, त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"बाबा, छातीचा भाता इथलोक असते. त्याच्या खाली हे दोन गुर्दे. ते रगत गाळते, त्याची लघवी होते, मंग दोन नळ्यांतून खालच्या पिशवीत येते. मानूस पानी नाई पेला अन् दिवसभर दाबून बसला, का खालची घान वरतं चढते. वहिनीचा गुर्दा सुजला. माय डाग देऊन राह्यली छातीले. आज दवाखान्यात नाई नेलं तं तेबी जाईन अन् पोटातलं लेकरूबी जाईन."

मागून बाबा म्हणाले, "पानी काऊन नाई पेत ते?"

"तुमच्यापाई, बाबा. तुमी धुऱ्यावर बसता."

ते उठले. मला वाटलं आता कानाखाली बसते. ते सरळ चुलीपाशी गेले, विळा काढला, बादलीत बुचकळला आणि बंडी जुंपायला गेले.

आमच्या सेवाग्रामच्या दवाखान्यात वहिनीची लघवी काचेच्या नळीत तापवली तेव्हा ती फाटलेल्या दुधासारखी झाली. डॉक्टरांनी मूत्रपिंडाला सूज आहे म्हणून सांगितलं, औषध सुरू केलं, आणि सिस्टर स्वतः पेला घेऊन तिच्या उशाशी बसल्या. मला शाबासकी वगैरे काही नाही. एवढंच विचारलं, "कोणतं?"

"उजवं."

"जरा खाली लागलं ना?"

"हो."

"मग झालं तर," म्हणाल्या, आणि पेला परत भरला.

वहिनीचा ताप उतरला. होळीच्या सुमारास तिला मुलगी झाली, चांगली ठणठणीत. पुढे मी पुष्कळ डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं, पण सिस्टरएवढं माझ्यावर कुणाचं ऋण नाही. दुसरं ऋण बाबांचं. सुनेचं दुखणं आपल्या बसण्याशी येऊन थांबतं, हे ऐकून न चिडणारा माणूस तेव्हा आमच्या पंचक्रोशीत दुसरा नसावा.

त्याआधी, संक्रांतीला मी पुन्हा गावी गेले, तेव्हा वेचणीचा शेवटचा फेरा चालू होता. बाबांनी धुऱ्यालगत तुराट्यांचा आडोसा बांधून काढला होता. ऊन चढलं की ते मोठ्यानं ओरडायचे, "चला रे, बैलं पाजाले चला!" आणि झाडून साऱ्या गड्यांना घेऊन नाल्यावर जायचे. बैलांना तहान कुठली? ती नुसती मुंडी वर करून उभी राहायची. गडी गालात हसायचे, बाबा त्यांना शिव्या घालायचे.

एका दुपारी मात्र नाल्यावर जायच्या आधी त्यांनी मडक्यातून गडवा भरला, ओटीत कापूस घेऊन उभ्या असलेल्या वहिनीपुढे धरला आणि म्हणाले, "पे."

वहिनीनं पदर सावरला, मायकडे पाहिलं, आणि ती सासऱ्यासमोर उभ्यानं पाणी प्यायली. गळ्यावरून ओघळ आला तरी थांबली नाही. बाबांनी गडवा पुन्हा भरला आणि ठेवायला वाकले, तेवढ्यात मायनं वेचता वेचता हात पुढे केला.

"मलेबी द्या," ती म्हणाली, आणि गडवा रिकामा होईस्तोवर तिनं तो तोंडापासून काढला नाही.