बाहेरच्या खोलीतली मोटारसायकल

मोटारसायकल विकत घेऊन जन्मभर पायी चालणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. नगरच्या गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. बैलाच्या खुराला पट्टी बांधणं, गाईच्या घशात नळीनं औषध ओतणं ही कामं ते इतक्या शांतपणे करत की जनावरंसुद्धा संकोचून गप्प उभी राहत. दवाखाना घरापासून चांगला लांब, पण ते रोज चालत जात आणि चालत येत. वाटेत कुणी ‘गाडी कुठं आहे?’ असं विचारलं, तर न थांबता ‘उघडलीय’ एवढंच सांगत. पावसाळ्यात चिखल उडतो म्हणून ते गाडी काढत नसत आणि उन्हाळ्यात टायर तापतात म्हणून. थंडीत तर ती उघडलेलीच असे. मधल्या काळात, म्हणजे होळीच्या आगेमागे आणि दसऱ्याच्या सुमाराला, ती दोन-चार वेळा भिंगारपर्यंत जाऊन येई. भिंगार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या प्रवासाची हकिगत आतोबा वर्षभर अशी सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं हे काशीहून आले.

गाडी विलायती होती आणि लष्कराच्या लिलावातून आली होती. तिचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. दात बघून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, असं आतोबा म्हणत. दिवाळी संपली की ती घरात येई. घर म्हणजे बाहेरची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर. उंबऱ्यावर फळी टाकली जाई, आतोबा हँडल धरून उलटे चालत येत, मी मागून ढकलत असे, आणि आत्या मधल्या दारात पाठ करून उभी राही. मग वर्तमानपत्रं अंथरली जात आणि रोज संध्याकाळी गाडी थोडीथोडी कमी होत जाई. खिडकीत रेडिओशेजारी पिस्टन बसे. चेन आत्याच्या पातेल्यात रॉकेल पीत पडे. प्लग तव्यावर भाजून कोरडा करायचा असे, आणि तो नेमका भाकरीच्या वेळी. हे सगळं घरात कशासाठी, असं विचारणाऱ्याला आतोबांकडे उत्तर होतं. थंडीत लोखंड आकसतं, आणि आकसलेलं लोखंड खोटं बोलत नाही, म्हणून उघडायचं ते थंडीतच. मग अंगणात का नाही? तर उघड्या अंगानं या गारठ्यात माणूस तरी बाहेर बसेल का?

बाबांची बदली दूर झाल्यामुळे मी कॉलेजसाठी आत्याकडे राहत होते. शाळा पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेली. चारचौघांत मराठी बोलायची मला भीती वाटे आणि इंग्रजी बोलायची लाज. गप्प बसणारी मुलगी बहुतेक घरांत कुणाच्या फारशी उपयोगी पडत नाही. आतोबांना मात्र अशीच मुलगी हवी होती. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात गाडीचं इंग्रजी पुस्तक धरून मी स्टुलावर बसायची, आणि त्यांनी बोट ठेवलं त्या ओळीचं मराठी करून सांगायची. काम स्वच्छ, प्रशस्त आणि हवेशीर जागी करावं, असं पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मी ते वाचलं तेव्हा आतोबांनी खोलीभर नजर फिरवली. दोरीवर आत्याची लुगडी वाळत होती, भिंतीला गव्हाची पोती लागलेली होती, आणि मध्ये उरलेल्या जागेत आतोबा मांडी घालायचीही सोय नसल्यामुळे उकिडवे होते. ते म्हणाले, “आहे की.” पुस्तकाचं आणि त्यांचं पटलं नाही, तर ते पुस्तकाला माफ करत. मग गुरांच्या दवाखान्यातली भाषा सुरू होई. हिचं पोट धरलंय, हिला एक जुलाब देऊ, असं म्हणून ते तिच्याखाली घमेलं सरकवत आणि काळं तेल सोडून देत. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ते डोळे मिटून ऐकत बसत. इंजिन त्या वेळी अर्थातच बंद असे.

आत्याचा राग मात्र खरा होता, आणि त्याला कारण होतं. रांगेत उभं राहून आणलेलं रॉकेल चेन पिऊन टाकते हे तिनं सोसलं असतं. पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होई, ते नेमके गाडी उघडलेली असण्याचे दिवस, आणि आत्याला आपल्या बायका स्वयंपाकघरात चार-चार करून बसवाव्या लागत. घरी बोलावलेल्या बायकांना आत चुलीपाशी बसवायचं, यात तिचा दरवर्षी अपमान होई. ज्या वर्षी युद्ध झालं आणि खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, त्या थंडीत तिचा धीर सुटला. घोडेगावच्या बाजारातला एक बैलांचा व्यापारी दवाखान्यामुळे ओळखीचा होता. त्याला तिनं परस्पर निरोप धाडला. त्यानं येऊन वर्तमानपत्रांभोवती एक फेरी मारली, टाकीवर बैलाच्या पाठीवर मारतात तशी थाप मारली आणि आत्याला सांगितलं, “उभी आसंल तर गाडी हाय, ताई. सुटी आसंल तर भंगार म्हनून नेतो. तुकड्यातला बैल कोन घेतंय?”

आत्या म्हणाली, रथसप्तमीला या. तोवर ही चालू होऊन आपल्या पायांवर उभी राहिली, तर राहील इथं. नाही तर घेऊन जा. हातातला नट तेवढा आतोबा उलटा फिरवायला लागले.

त्या दिवसापासून गाडी कधी नव्हे ती जुळू लागली. आतोबा दवाखान्यातून आले की चहासुद्धा उकिडवे बसूनच घेत. आत्याचं हळदीकुंकू आलं तोपर्यंत सांगाडा आणि खालचं इंजिन उभं राहिलं होतं; चेन आणि डोकं तेवढं बसवायचं होतं. आत्यानं बजावलं, उद्या मला या खोलीत एक नटसुद्धा दिसता कामा नये. आतोबांनी हे ऐकलं. त्यांनी बायकोचं ऐकल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग होता आणि तोच अंगाशी आला. त्यांनी गाडी कोपऱ्यात लोटून तिच्यावर चादर घातली, वर्तमानपत्रं गोळा केली, आणि हळदीकुंकवाला पुरुषांनी घरात थांबायचं नसतं म्हणून दवाखान्यात जाऊन बसले.

हळदीकुंकू फार चांगलं झालं. इतक्या वर्षांनी बायका बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ऐसपैस बसल्या. एकीनं चादरीकडे बघून हलक्या आवाजात कोण आजारी आहे ते विचारलं, तेवढंच. आत्यानं वाण म्हणून झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्या आणल्या होत्या. तेव्हा स्टीलचं अप्रूप होतं. बायकांनी डब्या हातात तोलून पाहिल्या, काहीजणी तर म्हणाल्या, भलतीच वजनदार आहे हो. जाड पत्रा आहे, असं आत्या समाधानानं सांगत होती. वाण दिलेल्या घरी उघडून बघायचं नसतं, आणि प्रत्येकीला अजून चार घरं करायची होती. सगळ्याजणी डब्या पदराखाली घेऊन गेल्या.

संध्याकाळी आतोबा आले आणि सरळ मधल्या खोलीतल्या फडताळापाशी गेले. डब्या कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. आत्या पाय पसरून बसली होती, ती म्हणाली, लुटल्या सगळ्या, एक उरली नाही. आतोबा खाली बसले.

“त्यात व्हॉल्व्ह होते,” ते म्हणाले. “स्प्रिंगा होत्या.”

“माझ्या वाणाच्या डब्यांत?”

“मला वाटलं, तू माझ्यासाठी आणल्यास.” हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. “नव्या दिसल्या. झाकणं घट्ट. म्हटलं, इतक्या वर्षांनी हिला...”

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली, मग उठली आणि स्टोव्ह पेटवायला गेली. स्टोव्ह बराच वेळ पेटला नाही.

सकाळी तिनं मला समोर बसवलं. लुटलेलं वाण परत मागत नसतात, ते अशुभ आणि शिवाय नाचक्की. तेव्हा डबी मागायची नाही, आतलं तेवढं मागायचं. आणि डबी रिकामी राहू द्यायची नाही, म्हणून त्यात तिळगूळ घालून यायचं. तिळगुळाचं पातेलं माझ्या हातात आलं. कुणाच्या डबीत काय गेलं हे माहीत नव्हतं, त्यामुळे सगळीच घरं करणं भाग होतं. ज्या मुलीला दुकानात पोस्टाचं तिकीट मागताना घाम फुटत असे, तिनं दारोदार जाऊन मोटारसायकलचे अवयव मागायचे होते. मी एक वाक्य पाठ केलं आणि निघाले.

डॉक्टरीणबाईंनी स्प्रिंग कॉफी ढवळायची समजून वापरायला काढली होती आणि त्या तिच्यावर खूश होत्या. मिशनच्या शाळेतल्या बाईंनी व्हॉल्व्ह टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला होता. त्यांनी पुसून, कागदात गुंडाळून, आतोबांच्या तब्येतीची चौकशी करून दिला. वकिलांच्या आईंनी दुसरा व्हॉल्व्ह देव्हाऱ्यात उभा केला होता. छत्रीसारखं काहीतरी दिसतंय, तेव्हा देवाचंच असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी आधी त्याच्यावर एक फूल वाहिलं आणि मगच तो माझ्या हातात दिला. वखारवाल्या काकू मात्र झाकण लावता लावता म्हणाल्या, “तुझी आत्या हल्ली वाण भरून देते वाटतं. आम्ही बाई अजून रिकामंच देतो.” मी हे आत्याला सांगितलं नाही. तिला ते माहीत असावं, कारण त्या दिवशी तिनं मला जेवताना दोनदा तूप वाढलं.

सगळं मिळालं, फक्त व्हॉल्व्हची लॉकं मिळाली नाहीत. नखाएवढे अर्धगोल तुकडे, पण त्यांच्यावाचून व्हॉल्व्ह जागेवर राहत नाही. ती डबी पोस्टमास्तरीणबाईंकडे गेली होती, आणि बाई आईला वाण दाखवायला डबी घेऊन पुणतांब्याला माहेरी गेल्या होत्या. आज येतील, उद्या येतील, असं करत रथसप्तमी दुसऱ्या दिवसावर आली. आतोबा म्हणाले, राहू दे, नेऊ दे त्याला. आणि त्यांनी फडकं घेऊन सुटे भाग पुसायला सुरुवात केली. भंगारात जायचेच होते, तरी एकेक पुसून, तेलाचा हात लावून त्यांनी ओळीनं मांडले. कुठल्या भागाशेजारी कुठला बसतो तेही मांडण्यातच दिसत होतं. नेणाऱ्याला अडचण नको, म्हणाले.

रथसप्तमीला आत्यानं अंगणात गोवऱ्यांवर सूर्यासाठी दूध उतू घालवलं आणि मला म्हणाली, शाल घे, पॅसेंजर गाठायची आहे. आगगाडीत खिडकीशी बसून तिनं मोटारसायकलला शिव्या द्यायला सुरुवात केली. वांबोरीपर्यंत रॉकेल झालं, राहुरीपर्यंत तवा, बेलापूरपर्यंत लग्नात मिळालेलं पातेलं. पुणतांबा आलं तरी गाऱ्हाणी संपली नव्हती. पोस्टमास्तरीणबाईंच्या म्हाताऱ्या आईनं डबीत कुंकू भरून ठेवलं होतं. आत काही होतं का, असं आत्यानं विचारलं. हे विचारताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मी तिच्याकडे पाहिलं. म्हातारीनं सावकाश पदराची गाठ सोडली.

“काय हाय ते कळंना,” ती म्हणाली. “पन कुनाचं तरी हाय म्हनून ठिवलं.”

आम्ही परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. व्यापारी दुपारीच येऊन बसला होता. त्यानं पागोटं काढून पोत्यावर ठेवलं होतं, बाह्या वर केल्या होत्या, आणि तो पातेल्यात चेन धूत होता. गाडी न्यायला आलो आणि ह्यांनी हे हातात दिलं, असं त्यानं आत्याला सांगितलं. जायचं म्हणत होता, पण चेन अजून स्वच्छ झाली नव्हती. आत्यानं रुमालाची पुडी आतोबांसमोर वर्तमानपत्रावर ठेवली आणि त्यांच्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. आतोबांनी पुडी उघडली. मग मला म्हणाले, बॅटरी धर. माझ्या हाताला धरायला बॅटरी होती हे बरं झालं.

गाडीनं बऱ्याच लाथा खाल्ल्या. व्यापाऱ्यानं तिच्या कानाशी वाकून दोन समजुतीचे शब्दही सांगितले. मग ती एकाएकी सुरू झाली आणि बाहेरची खोली निळ्या धुरानं भरून गेली. लुगडी हलली, रेडिओ खिडकीत नाचला. आत्या नाकाला पदर लावून मधल्या दारात उभी होती, या वेळी तोंड आमच्याकडे करून. व्यापाऱ्यानं खांद्यावरचं उपरणं काढून आपल्या हातावर टाकलं आणि तो हात आतोबांपुढे केला. बैलाचा सौदा असाच होतो, उपरण्याखाली बोटं धरून. आता उभी आहे, आता बोला, असं त्याचं म्हणणं होतं. आतोबांनी आत्याकडे पाहिलं.

“विकायची नाही,” आत्या म्हणाली.

“मंग मला हात काळं कराया बोलावलं व्हय?” तो म्हणाला आणि चहा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर पडवीत गेली. आत्यानं बाहेरची खोली दोनदा धुतली, तरी तेलाचे डाग गेले नाहीत. त्यावर तिनं सतरंजी घातली. संध्याकाळी त्या एवढ्या मोठ्या खोलीत आम्ही तिघं बसलो. बसायला जागा खूप होती. आत्या तांदूळ निवडत होती. आतोबा खुर्चीवर होते, हात साबणानं स्वच्छ धुतलेले, आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. एकदा गुडघ्यांवर ठेवले, एकदा खुर्चीच्या हातांवर. नंतर त्यांनी ते काखेत घातले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी पुस्तक उघडून बसले होते. कॉलेजचं होतं, त्यात कुणी कुठंही बोट ठेवणार नव्हतं.

बऱ्याच वेळानं आत्या ताटातून मान वर न करता म्हणाली, “काल आवाज जरा खडखडत नव्हता का हो?”

मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण त्या आवाजात खडखड अजिबात नव्हती, इतकं मी शपथेवर सांगू शकते. आतोबांनी काखेतले हात बाहेर काढले, आत्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर पडवीकडे.

“बघायला हवं,” ते म्हणाले. “थंडी अजून आहे थोडी.”