सासूबाईंची तक्रार

तिसऱ्या मुलीच्या वेळी मी जवळजवळ गेलेच होते. आमच्या डॉक्टरीणबाई फटकळ. त्यांनी ह्यांना बाजूला वगैरे घेतलं नाही, माझ्या खाटेपाशीच सांगितलं, "पुन्हा दिवस राहिले तर मूल कदाचित वाचवीन. हिची खात्री देत नाही." मग एका चिठ्ठीवर काहीतरी खरडून ह्यांच्या हातात दिलं. चिठ्ठी वाचून हे कानापर्यंत लाल झाले.

निरोध हा शब्द तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता. दुकानदार ‘फ्रेंच लेदर’ म्हणत, तेसुद्धा गल्ल्याकडे बघत. आणि वापरून टाकून देण्याची चैन नव्हती हो. चांगलं जाडजूड रबर, चपट्या डबीत यायचं. धुवायचं, सावलीत वाळवायचं, पावडर लावून गुंडाळून ठेवायचं, की पुन्हा तयार. अंबरनाथ पूर्वेला आमच्या दोन खोल्या, त्यात तीन मुली आणि सोवळ्या सासूबाई. अशा घरात ती वस्तू कुणाच्या नजरेस न पडता वाळवायची म्हणजे काय दिव्य असेल, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक.

ते सगळं हे करायचे. कारखान्यात हे तपासणी खात्यात होते. ह्यांनी बघितल्याशिवाय तिथला एक स्क्रू दाराबाहेर जात नसे, आणि घरीही तोच खाक्या. न्हाणीघराला कडी लावून, ते रबर फुगवून, तोंड पिळून बादलीत बुडवायचे आणि सायकलच्या ट्यूबसारखे बुडबुडे येतात का बघत उकिडवे बसायचे. बाहेर आले की मला नुसती मान हलवून दाखवायचे. म्हणजे पास. पहिल्यांदा मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. पुढे हसू गेलं. बायकोच्या जिवासाठी बादलीपुढे बसणारा नवरा त्या अख्ख्या आळीत दुसरा नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. बाकीच्यांना आपल्याला मुलं किती, हेसुद्धा बोटांवर मोजावं लागायचं.

दोन-अडीच वर्षं सुखाची गेली. मग एका वैशाखात मी माती खाल्ली. डबी उघडली तर रबर सुकून सुरकुतलेलं दिसलं. माझ्या माहेरची शिकवण अशी, की सुकलं की तेल लावावं. दाराची बिजागरी असो, पोरींचे केस असोत, नाहीतर बाळाची टाळू असो. मी खोबरेल तेलाचं बोट घेतलं, छान चोपडलं आणि डबी जागेवर ठेवून दिली. ह्यांना सांगायचं राहून गेलं. बादलीत ते पास झालं. आणि मग नको त्या वेळी टरकन फाटलं.

हे डोकं धरून बसले. "मी नीट बघितलं होतं गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मलाही तेल आठवलं नाही. तेलाने काही वाईट होतं, हे डोक्यात यायलाच जागा नव्हती.

आता माझी तारीख चुकली तर ती लपवायची कुठे? महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत वेगळं बसायचं, वेगळा तांब्या, वेगळं कांबळं. कावळा शिवला की मुलींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं, आणि नाही शिवला तरी कळायचंच. तारीख उलटली. मी दिवसातून दहादा पडवीकडे बघायची. तीन पोरींच्या वेण्या घालताना हात थांबायचा. ह्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

नवव्या दिवशी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. लाल अलवण, केस काढलेले, मुलींना ‘शिवू नका गं’ म्हणण्यात जन्म गेलेला. वर न बघता म्हणाल्या, "सूनबाई, ह्या महिन्यात बाहेर बसली नाहीस."

नातवासाठी त्यांनी शंकराच्या देवळात नवस बोललेला मला माहीत होता. ह्या आता पेढे वाटतील, असंच वाटलं मला. रडत रडत सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई, डबी, बादली, फाटलं तेही. सासूशी कुणी असलं बोलतं का? पण बोलले.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "डबी दाखव."

दाखवली. त्यांनी ते फाटकं रबर चिमटीत धरून उजेडाकडे नेलं, जशी एखादी विटकी साडी बघावी तसं. मग म्हणाल्या, "माझी थोरली लेक अशीच गेली. चौथ्या खेपेला. हे असलं काही असतं, हे मला कुणी सांगितलं नाही." ते कागदात गुंडाळत म्हणाल्या, "दुकान कुठलं?"

दुकान उल्हासनगरच्या कॅम्पात, बराकींच्या रांगेत, एका म्हाताऱ्या सिंधी गृहस्थांचं. सासूबाईंनी टांगा मागवला. ते लाल अलवण दुकानाच्या पायरीवर चढलेलं बघून तिथली गिऱ्हाइकं आपोआप बाजूला झाली. सासूबाईंनी कागदाची पुडी फळीवर सोडली आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "ये तुम्हारा माल. फट्या. मेरे सून का जान जायेगा, तो तुम भर के देगा क्या?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण तो माणूस भला. त्याने आधी गिऱ्हाइकांना बाहेर घालवलं, मग पुडी उलगडून रबर बोटांनी चोळलं, हुंगलं. "माई, तेल लगाया है?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

त्याने दारातल्या फुग्यांच्या माळेतला एक फुगा काढला, फुगवला, केसांच्या तेलाचा हात त्यावर फिरवून फळीवर ठेवला आणि समजावू लागला, की रबराला तेल म्हणजे विष. त्याचं बोलणं चालू असतानाच फुगा फटकन फुटला. सासूबाई दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "नवा डबी दो. और तेल नहीं लगाना, ऐसा बाजू में लिखके दो." ते त्याने सिंधीत लिहून दिलं. आम्हा कुणालाच वाचता आलं नाही, पण सासूबाईंनी तो कागद जपून कनवटीला लावला.

परतताना टांग्यात मी बोलणी बसण्याची वाट बघत होते. चूक माझी होती, आणि मी गाव गोळा केला होता. त्या म्हणाल्या, "मीही तेलच लावलं असतं." मग टांगा देवळाकडे वळवायला लावला. मला बाहेर बसवून एकट्याच आत गेल्या. आल्यावर मी विचारलं, काय मागितलंत?

"मागायचं काय त्यात? आधीचं मागणं परत घेऊन आले."

त्यानंतरचे तीन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत जाऊन बसले. ह्यांना मुलीकरवी निरोप धाडला, तसे ते न्हाणीघरात जाऊन बराच वेळ पाणी ओतत बसले.

सासूबाई पूजेतून उठून आल्या. ओलं सोवळं, हातात फुलांची परडी. उंबऱ्यापाशी क्षणभर उभ्या राहिल्या, परडी खाली ठेवली आणि सरळ माझ्यापाशी येऊन त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"सासूबाई, शिवलात," मी म्हणाले.

"कळतंय मला," त्या म्हणाल्या. पण हात काढले नाहीत.