रुमाल टाकलेली जागा

आनंदराज मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो माझ्या रुमालावर बसला होता. लातूरच्या बसस्थानकात नांदेडची गाडी नीट थांबायच्या आत मी तिच्यामागे धावलो होतो. एक बकरी, दोन नवरदेव आणि एक निवृत्त फौजदार यांना मागं टाकून खिडकीतून रुमाल असा फेकला होता, की ऑलिम्पिकवाले घरी पत्ता विचारत यावेत. मग दारातल्या चेंगराचेंगरीत एक गुंडी आणि निम्मी मिशी गमावून आत पोचतो, तर माझ्या जागेवर हा! मी जी गर्जना केली, तिनं म्हणे शेजारच्या उदगीर गाडीतलेही लोक उठून उभे राहिले.

आनंदराज तर दचकून उठलाच. रुमाल झटकला, घडी घालून माझ्या हातात दिला.

"सॉरी सर. माझ्याकडं रुमाल न्हवता, म्हणून बसलो होतो."

एवढ्या गरीब चेहऱ्याच्या माणसाला उठवलं म्हणून मीच त्याची बॅग मांडीवर घेतली. अहमदपूरपर्यंत तो उभा, मी बसलेला, आणि रसायनशास्त्र आमच्या दोघांच्या मधोमध.

तो मूळचा कंधारचा. लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा, म्हणजे तास झाला तर पगार. आठवड्याचे पहिले दिवस नांदेडला, पीएचडीसाठी. मी नांदेडला नोकरीला, घर लातूरला, त्यामुळे दर सोमवारी आमची गाडी एकच. लातूरच्या त्याच कॉलेजात एक कायमची जागा निघणार होती. पीएचडी हातात असेल तर अर्ज पुढं, नसेल तर बाजूला. आनंदराजची नखं त्या जागेच्या काळजीनं आधीच संपली होती, आता तो पेनाची टोपणं खात होता.

त्याचं काम असं. बारीक भुकटीनं गच्च भरलेली एक नळी. तिच्यातून दोन औषधांचं मिश्रण सोडायचं. भुकटीच्या कणांवर चिकटायला जागा असतात. एक औषध घट्ट चिकटतं, उशिरा बाहेर येतं; दुसरं हलकं, भरभर पुढं जातं. कोण कधी आणि किती बाहेर पडेल, हे कॉम्प्युटरवर आधीच सांगायचं. दोन्ही औषधं एकेकटी सोडली की त्याचं गणित चोख. मिश्रण सोडलं की बोंब.

"सर, हलकं औषध मिश्रणात जेवढं दाट असतं, त्याच्यापेक्षा दाट होऊन बाहेर येऊन राहिलंय. थोडा वेळच, पण येतंय. आलेखाला टेंगूळ! कसं येईल हो?"

"मला काय विचारतोस? मी विमा विकतो."

त्याचे गाइड मल्लिनाथ सर म्हणाले, नळीत मिश्रण ढकलणारा पंप बिघडला असेल, ते टेंगूळ घासून टाका आणि प्रबंध जमा करा, मुलाखत तोंडावर आलीय. आनंदराजला ना घासवेना, ना ठेववेना. त्याची बायको लुंबिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती मला म्हणाली, "डब्यातले लाडू कमी झाले तर ह्यांना पत्ता न्हाई. नळीतून जरा जास्त आलं की अन्न गोड लागंना!"

एका सोमवारी त्यानं माझ्यासाठी आधीच रुमाल टाकून ठेवला होता, स्वतः मात्र दुसऱ्याच्या रुमालावर बसला होता. अर्थातच रुमालवाला आला आणि त्याला उठवलं. तसे आणखीही बरेच उठले. आत उभं राहायलाही जागा नव्हती. मग उठवलेले आणि मुळात जागाच न मिळालेले, सगळे एकदम दाराकडं लोटले.

"अरे, चढून राहिले का उतरून राहिले?" कंडक्टर ओरडला.

आनंदराज दारातच थबकला. मागून एक बाई म्हणाली, "ओ भाऊ, सरका की! लगीन लागायचंय का तुमचं दारात?"

"सर!" तो गर्दीच्या डोक्यावरून मला ओरडला. "पंप बराबर हाय! हलकं आधी जाऊन बसतं. मागून घट्ट येतं, त्याला उठवतं. उठवलेलं आन् नवं येणारं हलकं, दोन्ही संगं बाहेर पडतंय, म्हणून दाट! मी येड्यानं गणितात दोघांना वेगळ्या जागा दिल्या होत्या, लेडीज सीटसारख्या. जागा एकच हाय, सर! भांडण तिच्यावरच हाय!"

अख्ख्या गाडीला वाटलं, शेताच्या खटल्याचा निकाल लागला.

आता गणित नव्यानं मांडायचं तर प्रबंध लांबणार. टेंगूळ घासलं तर वेळेत होणार. चाकूरला गर्दी जरा विरळ झाली, तसा तो माझ्या सीटपाशी आला. मग म्हणाला, "खरं कळल्यावर कसं घासू?" आणि पुन्हा टोपण चावायला लागला.

त्यानं सगळं नव्यानं मांडलं. अधूनमधून मला फोन यायचा, "सर, वेळेत होईल न्हं?" मी "होईल" म्हणायचो, आणि फोन ठेवल्यावर मीच नखं खायचो. शेवटी कॉम्प्युटरच्या आलेखावर तेच टेंगूळ, त्याच जागी, उगवलं. त्याचा फोटो त्यानं मला पाठवला, पहिलं मूल झाल्यासारखा. मल्लिनाथ सरांनी पेढे मागितले.

मुलाखत बुधवारी झाली, पीएचडीची तोंडी परीक्षा शुक्रवारी. अर्ज बाजूला पडला, आणि ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. डॉक्टर आनंदराज अजून तासिका तत्त्वावर शिकवतो.